व्हिएन्नातला न झालेला कार्यक्रम: गायिका गैरहजर, चाहते हजर

7 ऑगस्ट 2024, बुधवार. रात्री बराकुडा म्युझिक या व्हिएन्नातल्या आयोजक कंपनीने समाजमाध्यमांवर एक छोटं निवेदन टाकलं. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टचे अर्न्स्ट हाप्पेल स्टेडियममधले तिन्ही कार्यक्रम रद्द. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे सलग तीन दिवस, दर दिवशी सुमारे 65 हजार प्रेक्षक, म्हणजे जवळजवळ दोन लाख तिकिटं. त्याच दिवशी पोलिसांनी दोन तरुणांना पकडलं होतं. मुख्य संशयित 19 वर्षांचा, टेर्निट्झ नावाच्या छोट्या गावातला, इस्लामिक स्टेटशी निष्ठेची शपथ घेतलेला. दुसरा 17 वर्षांचा, स्टेडियममध्ये सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत नुकताच कामाला लागलेला. तपास यंत्रणांनी जे सांगितलं त्यातला एक तपशील नीट लक्षात ठेवायला हवा. लक्ष्य होतं स्टेडियमच्या बाहेरची गर्दी. तिकीट न मिळालेले हजारो लोक नुसता आवाज ऐकायला बाहेर जमतात, त्यांच्यात चाकू आणि घरी बनवलेली स्फोटकं घेऊन घुसायचं, असा बेत होता.

दुसऱ्या दिवशी शहराच्या सहाव्या विभागात, मारियाहिल्फमध्ये, कॉर्नेलियुसगास नावाच्या एका साध्या गल्लीत माणसं जमू लागली. त्या गल्लीचा गायिकेशी काडीचा संबंध नाही. ‘कॉर्नेलिया स्ट्रीट’ हे तिचं 2019 मधलं गाणं न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या रस्त्यावर आहे, ती तिथे काही काळ भाड्याने राहिली होती. व्हिएन्नातल्या गल्लीचं नाव त्या नावाशी जुळतं, एवढंच. पण फोनवरून ही बातमी फिरली आणि स्टेडियमसाठी शिवून घेतलेले चकचकीत झगे घालून, चेहऱ्याला टिकल्या लावून लोक तिथे आले. गाणी म्हटली, रडले, हातातली मण्यांची कडी एकमेकांना दिली, आणि गल्लीतल्या एका झाडाला ती कडी बांधायला लागले.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही दृश्यं ‘हळवा क्षण’ म्हणून छापली आणि पुढची बातमी घेतली. मला हे प्रकरण हळवेपणासाठी घ्यायचं नाही. मला त्यातली व्यवस्था पाहायची आहे. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी, एकमेकांची नावंही ठाऊक नसलेली माणसं एका रात्रीत, कुणी पुढारी नसताना, कुठे जमायचं आणि जमल्यावर काय करायचं हे कसं ठरवू शकली? गायिका तिथे नव्हती. तिने काही सांगितलंही नव्हतं. पुढचे दोन आठवडे ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. चाहत्यांमधली मैत्री खरी की गायिकेच्या प्रेमाची नुसती सावली, हे तपासायला याहून चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही. गायिकाच वजा झाल्यावर उरलं काय, ते इथे उघड दिसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: उरल्या त्या फालतू गप्पा. त्यांनीच काम केलं.

मण्यांच्या कड्याची गोष्ट

कड्यांपासून सुरुवात करू, कारण बाहेरच्या माणसाला तीच पोरकट वाटतात. 21 ऑक्टोबर 2022 ला आलेल्या ‘मिडनाइट्स’ या अल्बममधल्या एका गाण्यात मैत्रीची कडी बनवा अशा अर्थाची एक ओळ आहे. एकच ओळ, गाण्याच्या शेवटाकडे. 17 मार्च 2023 ला अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये ‘एराज टूर’ (तिचा जगभरचा दौरा) सुरू झाली तोवर त्या ओळीचं चाहत्यांनी एका रिवाजात रूपांतर करून टाकलं होतं. इलॅस्टिकचा दोरा, रंगीत प्लॅस्टिकचे मणी, मधे इंग्रजी अक्षरांचे चौकोनी मणी. गाण्याचं नाव, एखाद्या ओळीचा तुकडा, किंवा फक्त आतल्या लोकांना कळेल असा विनोद त्यावर ओवायचा. मनगटापासून कोपरापर्यंत कडी भरून कार्यक्रमाला जायचं आणि अनोळखी माणसाशी अदलाबदल करायची. पैसे नाहीत. तुझं कडं बरं की माझं, असा हिशेब नाही. ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक देऊन टाकायचं. सुरक्षारक्षकांच्या आणि पोलिसांच्या हातातही ती दिसू लागली.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत वाढलेल्याला हे बघून ऑगस्टचा पहिला रविवार आठवणारच. आपल्याकडे फ्रेंडशिप बँड दुकानातून डझनाने यायचे आणि संध्याकाळी कुणाच्या मनगटावर किती जमले यावरून त्याची किंमत ठरायची. ज्याचा हात मोकळा त्याची पंचाईत. 2024 साली तो रविवार 4 तारखेला होता, व्हिएन्नाच्या बातमीच्या तीनच दिवस आधी. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. आपले बँड ओळखीच्या माणसालाच बांधले जायचे, ओळखीवर शिक्का मारायला. ही कडी अनोळखी माणसासाठीच बनवलेली असतात. आठवडाभर बसून, घरच्यांची टोमणेबाजी ऐकत, आपण कधी न भेटलेल्या कुणासाठी तरी मणी ओवायचे. कार्यक्रमाच्या आधीच्या दिवसांत या माणसांचा बराचसा वेळ त्यातच जातो आणि त्याच्याच गप्पा चालतात: अक्षरांचे मणी कुठे मिळतात, कुठला दोरा तुटतो, गाठ सुटू नये म्हणून काय करायचं, लांबलचक नावाच्या गाण्याचं लघुरूप काय करायचं. एका दहा मिनिटांच्या गाण्याच्या पूर्ण नावाची आद्याक्षरं लावली तर अर्धं कडं त्यातच संपतं, हा तर नेहमीचा विनोद.

ही ‘माहिती’ कुणालाही क्षुल्लकच वाटेल. पण तिच्यामुळे एक झालं. दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हा प्रश्नच संपला. शहरात राहणाऱ्या कुणालाही विचारा, अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलणं किती अवघड असतं. इथे ते आधीच ठरलेलं होतं: हात पुढे करायचा.

रोजच्या गप्पा म्हणजे नेमकं काय

गाण्याबद्दल गंभीर चर्चा या मंडळींत होत नाही असं नाही. होते, आणि बरीच बारकाईने होते. पण दिवसभर ती कोण करणार? बहुतेक वेळ जातो तो अवांतरात. परीक्षा, मांजर, बॉसचा वैताग, उद्या काय घालायचं, कुणाला विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं, कुणाच्या आईने पहिल्यांदाच एक गाणं आवडलं म्हणून सांगितलं. आणि अंदाज, अखंड अंदाज. स्विफ्ट 2005 पासून, पहिला अल्बम यायच्याही आधीपासून, मायस्पेस या समाजमाध्यमावर होती. पुढे टंबलरवर ती चाहत्यांच्या नोंदी स्वतः वाचायची. अल्बमच्या मुखपृष्ठावर, व्हिडिओत, कपड्यांत पुढच्या गोष्टींच्या खुणा पेरून ठेवायची तिला सवय आहे, आणि त्या खुणा शोधायची चाहत्यांना. ती कोणत्या रंगाचा झगा घालून आली यावरून उद्या कुठला अल्बम जाहीर होणार याचे तर्क लढवायचे, आणि तो फसला की स्वतःलाच विदूषक म्हणवून घ्यायचं. त्यांच्या बोलीत या उद्योगाला ‘क्लाउनिंग’ म्हणतात. स्वतःवर हसायची ही सोय मला फार महत्त्वाची वाटते. जिथे चुकलेल्या अंदाजाची लाज वाटत नाही तिथे नवखा माणूसही तोंड उघडतो.

‘एराज टूर’ने या अंदाजांना रोजचा रतीब लावला. तीन तासांहून लांब चालणाऱ्या कार्यक्रमात शेवटाकडे एक भाग असा होता की त्यातली गाणी दर रात्री बदलायची, आधी गिटारवर, मग पियानोवर. कुठलं गाणं येईल ते कुणालाच ठाऊक नाही. झालेल्या गाण्यांच्या आणि उरलेल्या गाण्यांच्या याद्या चाहत्यांनी ठेवल्या, त्यावर पैजा लागल्या. स्टेडियममधला कुणीतरी फोन वर धरून लाइव्ह दाखवायचा आणि जगभरातले हजारो लोक ते थरथरणारं, मधेच अडकणारं चित्र बघत बसायचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कार्यक्रम असला की भारतात ही वेळ सकाळच्या चहाची. युरोपात असला की रात्री दीड-दोनची. ज्यांनी उद्याच्या लेक्चरची किंवा ऑफिसची पर्वा न करता त्या वेळी जागून दोन गाणी पाहिली, त्यांना गाण्याइतकीच सोबतही हवी होती. गाणं तर सकाळी उठूनही ऐकता आलं असतं.

मला या प्रकाराला आपल्याकडची भिशी सगळ्यात जवळची वाटते. भिशीतली रक्कम छोटी असते, पण दर महिन्याला ती वेळेवर देताना, घ्यायला येताना, चहा पिताना कोण भरवशाचं आहे हे सगळ्यांना कळत जातं. मोठ्या अडचणीत कुणाला फोन करायचा ते त्यातून ठरतं. उद्या कुठलं गाणं येईल यावरची पैज हा तसाच छोटा हप्ता आहे.

या भरवशाचा ठोस उपयोगही झाला होता, व्हिएन्नाच्या बराच आधी. 15 नोव्हेंबर 2022 ला अमेरिकेत तिकिटांची पूर्वविक्री सुरू झाली तेव्हा तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीची यंत्रणा कोलमडली. 35 लाख लोकांनी नाव नोंदवलं होतं, एका दिवसात 20 लाखांहून अधिक तिकिटं गेली आणि सर्वसाधारण विक्री रद्दच झाली. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्यावर सुनावणी झाली. पुनर्विक्रीच्या बाजारात तिकिटं अव्वाच्या सव्वा किमतीला निघाली, त्यात खोट्या तिकिटांची फसवणूक. अशा वेळी काही चाहत्यांनी स्वतःच एक व्यवस्था उभी केली. ज्याला जाता येत नाही त्याने मूळ किमतीत तिकीट द्यायचं, स्वयंसेवकांनी ते खरं आहे की नाही ते तपासायचं, मग गरजू चाहत्याशी गाठ घालून द्यायची. हे काम करणाऱ्यांना त्यात काही मिळत नव्हतं. एखाद्या मोठ्या कंपनीला जमलं नाही ते आद्याक्षरांवर विनोद करणाऱ्या पोरींनी केलं, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल. थोडीच.

गायिकेकडून आडवं बघायला शिकणं

चाहत्यांचा अभ्यास करणारे एक जुनी कल्पना हमखास पुढे करतात. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांबद्दल ती मांडली. पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटून प्रेक्षकाला त्याच्याबद्दल जवळीक वाटू लागते, पण ती जवळीक एकाच बाजूची असते. कल्पना चांगली आहे आणि स्विफ्टच्या बाबतीत लागूही पडते. 2014 साली तिने निवडक चाहत्यांना स्वतःच्या घरी बोलावून नवा अल्बम प्रसिद्ध होण्याआधी ऐकवला होता. एकतर्फी जवळीक कधीमधी दुतर्फी होऊ शकते, ही आशा तिने हुशारीने जिवंत ठेवली. धंद्याचं गणितही त्यात आहे, नाकारण्यात अर्थ नाही. 149 कार्यक्रमांच्या या दौऱ्यात दोन अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तिकिटं विकली गेली.

पण या कल्पनेची नजर वर-खाली फिरते: गायिका वर, चाहते खाली. आडवं काय चाललंय ते तिला दिसत नाही. व्हिएन्नात सगळं आडवंच घडलं.

त्याची एक रंगीत तालीम आधीच झाली होती. जुलैच्या शेवटी, 27 आणि 28 तारखेला, म्युनिकमध्ये कार्यक्रम होते. तिथलं ऑलिम्पिक स्टेडियम एका उद्यानात आहे आणि शेजारीच एक टेकडी आहे. टेकडीवरून आतलं थोडंफार दिसतं आणि आवाज छान येतो. ही गोष्ट फोनवरून पसरली आणि तिकीट नसलेले हजारो लोक चटया, डबे, पोरंबाळं घेऊन टेकडीवर जाऊन बसले. वर्तमानपत्रांनी आकडा 40 ते 50 हजारांच्या घरात दिला. स्टेजवरून गायिकेनेही त्यांची दखल घेतली. पैसे नसले, नशीब नसलं, तरी जमता येतं हे त्या टेकडीने सगळ्यांना दाखवून दिलं. व्हिएन्नात स्टेडियमबाहेर मोठी गर्दी होणार, हा अंदाज त्यातूनच आला होता. हल्ल्याचा बेतही नेमका त्याच गर्दीवर होता.

म्हणून कॉर्नेलियुसगासमध्ये जमणं हा साधा निर्णय नव्हता. ज्या प्रकारच्या जमावावर हल्ला होणार होता, तसाच जमाव हल्ल्याची बातमी कळल्यानंतर काही तासांत, कुठल्याही कुंपणाशिवाय, एका गल्लीत उभा राहिला. याला शूरपणा म्हणायचं की वेडेपणा? मुख्य संशयित अटकेत होता, पण सगळे धागे हाती लागले आहेत असं त्या दिवशी कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. त्याच आठवड्यात आणखी एकाला, 18 वर्षांच्या तरुणाला, अटक झाली. माझी मुलगी तिथे असती तर मी तिला हॉटेलवर बस म्हटलं असतं, आणि तिने ऐकलं नसतं.

तिने का ऐकलं नसतं, ते समजून घ्यायला दहा दिवस मागे जावं लागतं. 29 जुलैला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात लहान मुलींचा सुट्टीतला एक वर्ग चालू होता. स्विफ्टच्या गाण्यांवर नाच आणि मण्यांची कडी बनवणं असा कार्यक्रम. एक तरुण चाकू घेऊन आत घुसला. तीन मुली गेल्या. एक सहा वर्षांची, एक सात, एक नऊ. चाहत्यांनी जवळच्या लिव्हरपूलमधल्या मुलांच्या रुग्णालयासाठी निधी जमवला. त्याची सुरुवातही अशाच रोजच्या गप्पांच्या ठिकाणांहून झाली. व्हिएन्नाला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही बातमी ठाऊक होती. 2017 साली मँचेस्टरमध्ये अरियाना ग्रांडेच्या कार्यक्रमानंतर झालेल्या स्फोटात 22 माणसं गेली होती, तेही अनेकांच्या मनात असणार. अशा वेळी एकट्याने हॉटेलच्या खोलीत बसून फोन बघणं जास्त अवघड झालं असावं.

आणि गल्लीत पोचल्यावर काय करायचं हे सगळ्यांना आधीच पाठ होतं. कडी द्यायची, ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या ओळी ओरडायच्या (स्टेडियममध्ये गाण्यांच्या मधल्या जागेत म्हणायच्या ओळीसुद्धा चाहत्यांनीच ठरवलेल्या आहेत), एकमेकांच्या झग्याचं कौतुक करायचं. झाडाला कडी बांधणं हा त्यातला एकमेव नवा भाग. शहरानेही साथ दिली. काही संग्रहालयांनी कार्यक्रमाचं तिकीट दाखवणाऱ्यांना फुकट आत सोडलं, दुकानांत आणि रस्त्यांवर तिची गाणी वाजत राहिली. पोलिसांनी जमावाला हुसकलं नाही, लक्ष ठेवलं.

पैसे, राग आणि गप्प राहणं

सगळं गोड होतं असं मात्र नाही. तिकिटाचे पैसे दहा कामकाजाच्या दिवसांत आपोआप परत मिळतील असं आयोजकांनी सांगितलं, पण तिकीट हा खर्चाचा एक भाग. विमान, हॉटेल, घेतलेली रजा यांची भरपाई कोण देणार? अमेरिकेतल्या पुनर्विक्रीच्या किमतीपेक्षा युरोपात विमानाने येऊन कार्यक्रम पाहणं स्वस्त पडतं, असा हिशेब करून आलेल्यांची संख्या त्या उन्हाळ्यात मोठी होती. त्यांच्यासाठी दुसरी संधी नव्हती. पुढचे लंडनचे कार्यक्रम कधीच विकले गेले होते. परीक्षेतले मार्क, वाढदिवस, आजारपणातून उठणं यांचं बक्षीस म्हणून वर्षभर आधी घेतलेली तिकिटं होती ती. या दुःखाला बाहेरच्या जगात फारशी किंमत नसते. कार्यक्रमच तर रद्द झाला, जीव तर वाचला, असं कुणीही म्हणेल, आणि ते खरंही आहे. खरं असल्यामुळेच ते ऐकून घ्यावं लागतं आणि रडायला जागा उरत नाही. ती जागा फक्त त्याच लोकांत मिळते ज्यांना तो झगा शिवायला किती दिवस लागले ते ठाऊक आहे.

राग गायिकेवरही निघाला. दिवस जात होते आणि तिच्याकडून एक ओळ येत नव्हती. चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, आम्ही तुझ्यासाठी आलो, घाबरलो, तुला दोन शब्द लिहायला काय होतं? दुसरा म्हणे, तिने बोलावं असं म्हणणाऱ्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळत नाही. या वादात भाषा घसरली. टीका करणाऱ्या चाहत्याला ‘खरा चाहता नाहीस’ म्हणून हाकलणं, समीक्षकांवर तुटून पडणं, ही या मंडळींची जुनी खोड आहे. जे जाळं कुणाला तिकीट मिळवून देतं तेच जाळं दुसऱ्या दिवशी एखाद्याच्या अंगावर झुंडीने जाऊ शकतं. सगळं फार वेगाने पोचतं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

लंडनचे पाच कार्यक्रम 20 ऑगस्टला संपले. वेम्ब्ली स्टेडियमने यावेळी विनातिकीट लोकांना बाहेर थांबायला बंदी केली होती. 21 ऑगस्टला स्विफ्टने अखेर लिहिलं. व्हिएन्नाचे कार्यक्रम रद्द होणं उद्ध्वस्त करणारं होतं, त्यामागच्या कारणाने एक नवी भीती आणि खूप अपराधीपणा आला, पण यंत्रणांचे आभार, कारण त्यांच्यामुळे आपण गेलेल्या कार्यक्रमांबद्दल हळहळतोय, गेलेल्या जिवांबद्दल नाही, अशा आशयाचं. आणि आपण गप्प का राहिलो तेही: ज्यांना चाहत्यांना इजा करायची आहे त्यांना डिवचणारं काही बोलायचं नाही, युरोपातला दौरा सुखरूप पार पडू दे, मग बोलेन, असं तिने ठरवलं होतं.

कारण पटण्यासारखं आहे. मला तरी पटलं. पण त्यावरून चाहत्यांच्या बाजूचा निष्कर्ष बदलत नाही. ते पत्र आलं तेव्हा गल्लीतली गर्दी ओसरून गेली होती. दिलासा देण्याचं काम ज्यांनी करायचं होतं त्यांनी ते तिच्या शब्दाची वाट न पाहता आपसांत उरकलं होतं.

आपल्याकडून बघताना

हा दौरा भारतात आला नाही. आशियात फक्त टोकियो आणि सिंगापूर. सिंगापूरचे सहा कार्यक्रम मार्च 2024 मध्ये झाले. इथल्या ज्यांना परवडलं ते सिंगापूरला गेले, बाकीच्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये इथे लागलेला दौऱ्याचा चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये पडद्यासमोर नाचत पाहिला. म्हणजे भारतातल्या बहुतांश चाहत्यांची मैत्री सुरुवातीपासून व्हिएन्नासारखीच आहे: गायिका समोर नाही, पुढे कधी येईल याची खात्री नाही, आहेत ते एकमेक. ‘न पाहिलेल्या बाईसाठी काय वेडेपणा’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यातल्या कितीजणांनी लताबाईंना प्रत्यक्ष गाताना पाहिलं होतं, हा प्रश्न मी विचारत नाही, उगाच घरात भांडण नको. पण लता श्रेष्ठ की आशा यावरून रात्र-रात्र घातलेले वाद आणि त्या वादांतून जुळलेल्या, पन्नास वर्षं टिकलेल्या दोस्त्या मराठी घरांना नव्या नाहीत. पुरुषांनी बैठकीत घातलेल्या त्या वादाला ‘रसिकता’ म्हणायचं आणि मुलींनी फोनवर केलेल्या याच उद्योगाला ‘टाइमपास’, हा भेद मात्र मला खटकतो.

दौरा 8 डिसेंबर 2024 ला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये संपला आणि दर रात्रीच्या अंदाजांचा रतीब बंद झाला. आता ही मंडळी पांगणार, असा अनेकांचा होरा होता. मे 2025 मध्ये तर आणखी एक आधार गेला. जुने अल्बम नव्याने रेकॉर्ड करण्याच्या मालिकेतला ‘रेप्युटेशन’ कधी येणार यावर वर्षानुवर्षं क्लाउनिंग चाललं होतं. स्विफ्टने जुन्या अल्बमांचे हक्क विकत घेतल्याचं जाहीर करताना सांगून टाकलं की त्याचं पाव कामही झालेलं नाही. एवढ्या झग्यांचे रंग, एवढ्या तारखांची बेरीज, सगळं वाया. त्या दिवशी या लोकांनी काय केलं असेल? एकमेकांना विदूषकाची चित्रं पाठवली, पोटभर हसले, आणि ऑगस्टमध्ये नव्या अल्बमची घोषणा झाल्यावर मुखपृष्ठावरच्या पाण्याच्या रंगाचा अर्थ काय, यावर पुन्हा भिडले.